कमावलेले कातडे

श्रोतेहो, अस्सलामु अलैकुम आणि नमस्कार.

महाड तालुक्यातील एका गावाहून गेल्या महिन्यात एका भगिनीचे पत्र आले. सौदी अरेबियात नोकरीला असलेला त्यांचा मुलगा सुट्टीवर आला, तेव्हा त्याने वडिलांसाठी चामड्याचे बूट आणले. वडिलांनी ते पायात घालून पाहिले, काढून उलटेसुलटे न्याहाळले आणि दारामागे ठेवून दिले, पत्र आले तेव्हा ते तिथेच होते. पत्रात त्यांनी विचारले होते, "ज्या जनावराचे हे कातडे आहे ते हलाल झाले होते की नव्हते हे आम्हाला कसे कळणार? आणि ते कळले नाही, तर वुजूचे ओले पाय त्यात घालावेत का?"

वुजू म्हणजे नमाजाआधी हात, तोंड, पाय धुणे. हा प्रश्न त्या एका घराचा नाही. चामड्याच्या तंत्राचे शिक्षण देण्यात माझे सारे आयुष्य गेले आणि मी स्वतः कोकणी मुसलमान कुटुंबातला, त्यामुळे कंबरपट्टा, पाकीट किंवा घड्याळाचा पट्टा हातात घेऊन हाच प्रश्न विचारायला आलेली माणसे मी असंख्य वेळा पाहिली आहेत. फतवा देणे हे माझे काम नाही. मात्र जाणत्या उलेमांकडून जे ऐकले, वाचले आणि कातड्याच्या कामात जे डोळ्यांनी पाहिले, त्यावरून एक गोष्ट मला आग्रहाने सांगावीशी वाटते. वापरायच्या वस्तूबाबत "जनावर हलाल केले होते का?" हा पहिला प्रश्न नव्हे. पहिला प्रश्न "कातडे कोणत्या जनावराचे?" हा आणि दुसरा "ते नीट कमावले आहे का?" हा. सुरी कशी फिरली हा प्रश्न ताटापुरता आहे, आणि तो ताटावरून उचलून तसाच्या तसा पायातल्या वहाणेला लावल्यामुळे आपला बहुतेक गोंधळ झालेला आहे.

ताटाचा नियम आधी पाहू. कुरआनात सूरह बकराच्या 173व्या आणि सूरह माइदाच्या 3ऱ्या आयतीत मुर्दार, रक्त, डुकराचे मांस आणि अल्लाहखेरीज दुसऱ्या कुणाच्या नावाने कापलेले जनावर ही निषिद्ध ठरवली आहेत. मुर्दार म्हणजे केवळ आजाराने मेलेले जनावर नव्हे. गळा आवळून, मार लागून, उंचावरून पडून किंवा दुसऱ्याच्या शिंगाने मेलेले जनावरही सूरह माइदात त्यातच मोजले आहे. म्हणून अल्लाहचे नाव घेऊन, धारदार सुरीने श्वासनलिका, अन्ननलिका आणि मानेच्या रक्तवाहिन्या कापून रक्त वाहू देणे, म्हणजे जबीहा, ही खाण्याच्या हलालपणाची अट झाली. आपल्या गावगाड्यात हे काम मुलाण्याकडे असे आणि बकरे कुणाचेही असले तरी सुरी बहुधा त्याचीच असे.

आता त्याच मुर्दार जनावराच्या कातड्याचे काय? याचे उत्तर एका प्रसंगात आहे आणि तो हजरत इब्न अब्बास यांच्याकडून सहीह बुखारी व सहीह मुस्लिम या दोन्ही हदीस संग्रहांत, म्हणजे पैगंबरसाहेबांच्या वचना-आचरणाच्या नोंदींत, आला आहे. प्रेषित मुहंमद सल्लल्लाहु अलैहि वसल्लम यांच्या पत्नी हजरत मैमूना यांनी मुक्त केलेल्या एका दासीला सदका, म्हणजे दान, म्हणून एक शेळी मिळाली होती आणि ती मेली. पैगंबरसाहेब त्या मेलेल्या शेळीजवळून गेले, तेव्हा त्यांनी विचारले, की हिचे कातडे काढून, कमावून तुम्ही त्याचा उपयोग का करून घेतला नाही? लोक म्हणाले, ती तर मुर्दार आहे. त्यावर उत्तर मिळाले, की हराम आहे ते फक्त तिचे खाणे. मला या प्रसंगातील ती दासी नेहमी आठवते. जिच्याकडे एकच शेळी असावी आणि तीही मरावी, तिच्या हाती निदान कातडे तरी उरावे, ही काळजी त्या प्रश्नात आहे. पुढे पैगंबरसाहेबांच्या दुसऱ्या पत्नी हजरत सौदा सांगतात, की आमची एक शेळी मेली, आम्ही तिचे कातडे कमावले आणि ते जुने होऊन फाटेपर्यंत त्यात खजूर भिजवून पेय करीत राहिलो. म्हणजे वापर निव्वळ बसण्या-पांघरण्याचा नव्हता. त्या कातड्यात पिण्याची वस्तू ठेवली जात होती.

लहानपणी मुंबईला भेंडी बाजारात मामांच्या घरी गेलो, की जिन्यावर भिश्ती भेटत असे. त्याची मशक म्हणजे बकरीचे अख्खे कातडे असे, चारही पायांच्या जागा दोरीने करकचून बांधलेल्या आणि मान तेवढी मोकळी. तो खांद्यावरून किंचित वाकला आणि मानेवरची मूठ सैल केली, की पाण्याची जाड धार रांजणात पडे. त्या पाण्याला एक तुरट वास असायचा. ती बकरी कुणी कापली होती असे मामींनी भिश्त्याला विचारलेले मी कधी ऐकले नाही, आणि आमच्या घरात नियमांची ढिलाई होती असे कुणी म्हणू शकले नसते.

तो तुरटपणाच या साऱ्या प्रकरणाचा गाभा आहे. कच्चे कातडे ओले राहिले, की काही तासांत सडू लागते. साल, पाने किंवा शेंगांतील तुरट द्रव्य त्यात मुरले, की कातड्याचे तंतू त्याच्याशी घट्ट बांधले जातात आणि मग ते पाण्यात भिजले तरी कुजत नाही. यालाच आपण कमावणे म्हणतो, अरबीत दिबाग आणि उर्दूत दबागत. अबू दाऊद यांच्या हदीस संग्रहात आणखी एक प्रसंग आहे. काही लोक मेलेली शेळी फरफटत नेत होते, तेव्हा पैगंबरसाहेबांनी त्यांना सांगितले, की पाणी आणि 'करझ' कातड्याला पाक, म्हणजे शुद्ध, करतात. आपल्याकडच्या करंजाशी या करझाचा संबंध नाही. करझ म्हणजे बाभळीची शेंग आणि पाला, तीच बाभूळ जी आपल्या शेताच्या बांधावर उभी असते. सुदानमध्ये आजही त्याच शेंगा 'गरद' या नावाने कातडे कमावायला वापरतात.

आणि कोल्हापुरी चपलेचे कातडे पिढ्यान्‌पिढ्या बाभळीच्याच सालीत कमावले गेले आहे. ही पद्धत मी कोल्हापूर भागात जवळून पाहिली आहे. म्हशीचे कातडे चुन्याच्या पाण्यात मुरवून केस काढतात, मग ते कडेने शिवून त्याची भली मोठी पिशवी करतात, ती लाकडी तिकाटण्याला टांगतात आणि तिच्यात बाभळीची साल, हिरडा आणि पाणी भरतात. तांबूस पाणी कातड्यातून ठिबकत राहते, खाली साठलेले पुन्हा वर ओततात, आणि रोज पिशवीचा रंग आणखी गडद होत जातो. हे कष्टाचे, हात सोलवटणारे काम ढोर समाजातील कारागिरांनी शतकानुशतके केले, आणि ज्यांच्या पायांत त्या वहाणा होत्या त्यांनीच या कारागिरांना गावकुसाबाहेर ठेवले, हे इथे न सांगणे मला अप्रामाणिकपणाचे वाटेल.

आता मतभेदांकडे वळतो, कारण पत्र लिहिणाऱ्या भगिनींच्या शंकेचे मूळ तिथे असावे. देशावरचे बहुसंख्य मुसलमान हनफी पंथाचे, तर आम्ही कोकणी मुसलमान शाफई. हनफी मत असे, की डुक्कर आणि माणूस वगळता कोणतेही कातडे कमावल्याने पाक होते. शाफई मतानुसार डुकरासोबत कुत्राही वगळला जातो. दुसरा फरक कमावण्याच्या रीतीत आहे. शाफई फकीहांना, म्हणजे धर्मशास्त्राच्या जाणकारांना, तुरट किंवा झोंबणारे द्रव्य हवेच, तर हनफी फकीह उन्हात वाळवून किंवा मीठ लावून सड थांबली तरी ते मान्य करतात. मालिकी आणि हंबली पंथांचे प्रसिद्ध मत याहून कडक आहे. अब्दुल्लाह बिन उकैम यांच्या कथनात आलेल्या पैगंबरसाहेबांच्या एका पत्राचा आधार घेऊन त्यांनी म्हटले, की मुर्दाराचे कातडे कमावल्यानेही खऱ्या अर्थाने पाक होत नाही, फार तर कोरड्या वस्तूंसाठी आणि पाण्यासाठी वापरावे. सौदी अरेबियात हंबली पंथाचा प्रभाव आहे. मुलाने तिथे कानावर पडलेले मत घरी सांगितले असेल आणि शाफई रिवाजात वाढलेल्या वडिलांच्या मनात शंका आली असेल, तर त्यात दोघांचीही चूक नाही.

फकीहांनी कमावण्याची जी कसोटी सांगितली, ती मला चामड्याचा शिक्षक म्हणून फार महत्त्वाची वाटते. कातडे पाण्यात टाका. दुर्गंधी आणि सड परत आली नाही तर ते कमावले गेले. आमच्या प्रयोगशाळेत आम्ही याहून वेगळे काही करीत नव्हतो, फक्त तपमान मोजत होतो. कच्चे कातडे साधारण 60 ते 65 अंश सेल्सिअसच्या पाण्यात आकसते, तर क्रोमियमच्या क्षारांनी नीट कमावलेले चामडे उकळत्या पाण्यातही टिकते. आज जगातील बहुतांश चामडे याच क्रोमियमच्या पद्धतीने तयार होते. त्यामुळे गाय, म्हैस, शेळी, मेंढी यांच्या बाजारात मिळणाऱ्या तयार चामड्याबाबत हनफी आणि शाफई या दोन्ही घरांना चिंतेचे कारण नाही. बिबट्यासारख्या हिंस्र पशूंच्या कातड्यावर बसण्याची मनाई हदीसमध्ये वेगळी आली आहे आणि अशा कातड्यांचा व्यापार आपल्या देशात 1972च्या वन्यजीव कायद्याने तसाही गुन्हा आहे.

खरी अडचण डुकराच्या कातड्याची. सूरह अनआमच्या 145व्या आयतीत त्याला 'रिज्स', म्हणजे अपवित्र, म्हटले आहे आणि म्हणून चारही पंथांच्या रूढ मतानुसार ते कमावूनही पाक होत नाही. हनफी परंपरेत इमाम अबू यूसुफ यांच्याकडून वेगळे मत नोंदले गेले आहे, पण फतवा त्यावर दिला जात नाही. हे कातडे स्वस्त आणि मऊ असते, त्यातून हवा खेळते, म्हणून बुटांच्या आतल्या अस्तरात, हातमोज्यांत आणि पाकिटांत ते सर्रास येते. "अस्सल चामडे" या शिक्क्यावरून जनावर कळत नाही. युरोपातील बुटांवर कातड्याच्या आकाराचे चिन्ह असते, तेही फक्त चामडे आहे एवढेच सांगते. मलेशियाने 2013मध्ये आदेश काढून डुकराच्या किंवा कुत्र्याच्या कोणत्याही अवयवापासून केलेल्या वस्तूंवर तसे लिहिणे आणि त्या दुकानात वेगळ्या मांडणे बंधनकारक केले, आणि 2017मध्ये त्याच आदेशाखाली डुकराच्या केसांचे रंगकामाचे ब्रश जप्त झाले. इंडोनेशियाच्या 2014च्या हलाल कायद्यातही खाद्यपदार्थांबरोबर अंगावर वापरायच्या वस्तू आहेत. ग्राहकाला जनावराचे नाव कळावे एवढी मागणी आपण आपल्या दुकानदारांकडेही करायला हवी. त्यात कुणाचा द्वेष नाही, आणि शाकाहारी ग्राहकालाही ती माहिती हवीच असते.

तोवर एक साधे भिंग जवळ ठेवावे. गाईच्या कातड्यावर केसांची छिद्रे बारीक आणि सारख्या अंतराने पसरलेली असतात. डुकराच्या कातड्यावर ती ठसठशीत आणि तीन-तीनच्या झुबक्यांत, छोट्या त्रिकोणासारखी दिसतात. डुकराचा केस कातड्याच्या पूर्ण जाडीतून जातो, म्हणून खरखरीत उलट बाजूवरही ती छिद्रे सापडतात. मात्र वरून रंगाचा जाड थर दिला असेल, किंवा दुसऱ्याच चामड्यावर हा नमुना दाबून उमटवला असेल, तर भिंगही फसते.

बकरी ईदच्या कातड्यांबद्दल बोलल्यावाचून मला राहवत नाही. कुर्बानीचे कातडे स्वतःच्या फायद्यासाठी विकू नये आणि खाटकाला मजुरी म्हणूनही देऊ नये, असा नियम आहे. हजरत अली यांना पैगंबरसाहेबांनी उंटांचे मांस, कातडी आणि झुली सदका करायला सांगितले होते, आणि खाटकाची मजुरी आपल्या पदरची द्यायला. म्हणून ही कातडी मदरशांना आणि गरिबांना जातात. अलीकडच्या वर्षांत भाव इतके पडले आहेत, की कित्येक ठिकाणी ती गोळा करण्याचा खर्चही निघत नाही, आणि मग चांगली कातडी उकिरड्यावर जातात. ज्यांना एका मेलेल्या शेळीचे कातडे वाया गेलेले पाहवले नाही, त्यांच्या उम्मतीने, म्हणजे अनुयायांनी, हे करावे याचे मला मनापासून दुःख होते. काही तासांच्या आत सावलीत पसरून मांसाच्या बाजूला भरपूर जाडे मीठ चोळले, तरी कातडे वाचते. हे काम मोहल्ल्यातील दोन-चार तरुण ईदच्या दिवशी सहज करू शकतील.

पत्रातील बुटांचे काय झाले ते सांगतो. मुलगा परत जाण्याआधी ते घेऊन माझ्याकडे आला. दुकानदाराने त्याला बूट संपूर्ण गाईच्या चामड्याचे आहेत असे सांगितले होते. वरचे चामडे खरोखर गाईचे निघाले. टाचेकडच्या अस्तरावर मात्र भिंग धरताच ती तीन-तीन छिद्रे स्पष्ट दिसली. कोरड्या पायाला कोरड्या वस्तूचा स्पर्श झाल्याने नापाकी लागत नाही, त्यामुळे वडिलांनी एकदा घालून पाहिले याची चिंता नको, हे मी त्याला सांगितले. महाडच्या मोच्याने ते अस्तर उसवून शेळीच्या चामड्याचे नवे बसवून द्यायचे कबूल केले. मात्र त्याआधी, अस्तर निघालेली जागा शाफई रिवाजाप्रमाणे सात वेळा, त्यातील एकदा मातीच्या पाण्याने, धुवावी असे त्यांच्या मशिदीतील मौलानांनी सुचवले. काल त्या भगिनींचा फोन आला होता. बूट धुऊन झाले आहेत आणि पडवीत सावलीला वाळत ठेवले आहेत, कारण उन्हात चामडे तडकते.