कुलपाच्या कारखान्यातला बाप

नमस्कार श्रोतेहो. लहान मुलांच्या मेंदूच्या ऑपरेशनांबद्दल बोला, असं मला सांगितलंय. विषय अफाट आहे, म्हणून मी त्यातलं एकच दुखणं घेते. हायड्रोसेफलस. म्हणजे आपण 'बाळाच्या डोक्यात पाणी झालं' म्हणतो ते.

मेंदूच्या आत पोकळ्या असतात. तिथे रोज नवं पाणी तयार होतं, मोठ्या माणसात दिवसाला जवळजवळ अर्धा लिटर, आणि तेवढंच रक्तात परत शोषलं जातं. वाट अडली की ते साचतं. तान्ह्या बाळाच्या कवटीची हाडं जुळून आलेली नसतात, त्यामुळे डोकं भराभर वाढतं, टाळू फुगते, डोळे खाली झुकून बुबुळांच्या वर पांढरं दिसायला लागतं. टाळू कशी लागते हे आजीला डॉक्टरपेक्षा जास्त कळतं, रोज तेल तीच घालते. बाळ रडत नाही, उभं धरलंय, आणि तरी टाळू ताठ लागतेय? मग उद्यावर ढकलू नका. दुसरं, डोक्याचा घेर. जन्मताना तो साधारण ३३ ते ३५ सेंटिमीटर असतो. बारशाला आलेला प्रत्येक जण वजन विचारतो, घेर कुणीही विचारत नाही. 'डोकं मोठं, हुशार होणार' म्हणणारे मात्र पुष्कळ. लसीला जाल तेव्हा घेर मोजून कार्डावर लिहून घ्या. पुन्हा सांगते, घेर मोजून घ्या आणि लिहून घ्या. एका आकड्यावरून काही ठरत नाही, तो कसा वाढतोय ते पाहायचं असतं.

आता मला जी गोष्ट सांगायचीय तिच्याकडे येते. अमेरिकेतलं फिलाडेल्फिया, साल १९५५. जॉन होल्टर नावाचा एक तंत्रज्ञ. येल अँड टाउन या कुलपं बनवणाऱ्या कंपनीत नोकरीला. (कुलपावरून आठवलं, हल्लीची कुलपं हातात घेतली की पत्र्याचा डबा उचलल्यासारखं वाटतं. आमच्या वाड्याच्या दाराला होतं ते कुलूप चोराच्या डोक्यात घातलं असतं तरी काम झालं असतं. असो.) नोव्हेंबरात होल्टरला मुलगा झाला, केसी. पाठीच्या कण्याचा भाग उघडा राहिलेला, आणि त्यामागोमाग डोक्यात पाणी. तिथल्या मुलांच्या हॉस्पिटलात रोज टाळूतून सुई घालून पाणी काढायचे. बाप शेजारी उभा.

हा माणूस दिवसभर मशीनवर काम करणारा, त्यामुळे त्याने सर्जनला मशीनवाल्याचाच प्रश्न विचारला. सारखी सुई कशाला? कायमची नळी का नाही बसवत? सर्जन होते युजीन स्पिट्झ. त्यांनी सांगितलं की नळी बसवता येते, पण ती मानेतल्या शिरेतून हृदयाकडे न्यावी लागते. पाणी खाली गेलं पाहिजे आणि रक्त मात्र वर येता कामा नये. असा व्हॉल्व्ह आमच्याकडे नाही. बसवून पाहिलेत, तुंबतात.

म्हणजे वालट्यूबच की! जुन्या सायकलवाल्यांना सांगायला नको. पंप मारला की हवा आत जाते, बाहेर येत नाही, आणि सगळं काम त्या काडीएवढ्या रबराचं. फक्त इथे ती वालट्यूब बाळाच्या अंगात, रात्रंदिवस, वर्षानुवर्षं चालायला हवी होती.

होल्टरला उत्तर वॉर्डातच दिसलं. नर्स सलाइनच्या रबरी नळीत सुई टोचून औषध देत होती. सुई काढली, आणि भोकातून थेंबही आला नाही. रबर आपोआप मिटलं. हजारो लोकांनी रोज पाहिलेली गोष्ट! पण कारखान्यातल्या माणसाच्या डोक्यात लगेच आलं, की मिटलेल्या रबराला बारीक चीर दिली तर आतून दाब आल्यावर ती उघडेल आणि दाब उतरला की मिटेल. घरी जाऊन तो कामाला लागला. आधी रबर वापरून पाहिलं, पण शरीरात साधं रबर चालत नाही. मग सिलिकोन मिळालं, तेव्हा ते नवंच होतं. चीर पाडलेले दोन व्हॉल्व्ह आणि मधे दाबता येईल अशी लवचीक नळी. आजही सर्जन पुष्कळ नळ्या कानामागे बोटाने दाबून पाहतात, त्याची सुरुवात ही.

मार्च १९५६. मूल जन्मल्याला पाच महिनेसुद्धा झालेले नाहीत आणि व्हॉल्व्ह तयार. पण बसला तो दुसऱ्याच एका बाळाला. केसीची तब्येत तेव्हा ऑपरेशन झेपण्यासारखी नव्हती. त्याला नंतर बसवला, पण केसी जगला पाचेक वर्षंच. होल्टरने पुढे स्वतःची कंपनी काढून हेच काम धरलं आणि 'स्पिट्झ-होल्टर व्हॉल्व्ह' जगभर गेला. नावात सर्जनच्या बरोबरीने कारागीर आहे, हे मला फार आवडतं. आपल्याकडे असं झालं असतं तर कारागिराचे आभार शेवटच्या ओळीत मानले असते, तेही वेळ उरला तर.

काचेपलीकडून घड्याळ दाखवताहेत, तेव्हा पुढचं भरभर सांगते.

हल्ली नळीचं दुसरं टोक बहुधा पोटात सोडतात. नळी जीव वाचवते, पण बिघडते. १९९८ च्या एका मोठ्या अभ्यासात पहिल्या वर्षातच दहातल्या जवळजवळ चार नळ्या निकामी झाल्या होत्या. युगांडात म्बाले या गावी बेंजामिन वॉर्फ या सर्जननी विचार केला, नळी बिघडली आणि हॉस्पिटल दोन दिवसांच्या वाटेवर असेल तर? त्यांनी दुर्बिणीतून मेंदूच्या आतच पाण्याला नवी वाट करून द्यायची आणि पाणी तयार करणारा भाग थोडा जाळायचा, ही पद्धत बसवली. १०० बाळांवरच्या तुलनेत वर्षभरानंतर बुद्धीच्या वाढीत नळीवाली आणि दुर्बीणवाली बाळं यांच्यात ठळक फरक दिसला नाही. हे २०१७ साली छापून आलं. त्याच वॉर्फनी आधी, २००५ मध्ये, आपल्या उत्तर प्रदेशात शहाजहानपूरला बनणारी छाब्रा नळी परदेशी नळीशी ताडून पाहिली होती. १९५ मुलं. एक साधारण ३५ डॉलरची, दुसरी साडेसहाशेची. वर्षभरात निकाल सारखेच. महाग ते चांगलं म्हणणाऱ्यांनी हे ऐकावं. औषधांचं आणि लग्नाच्या हॉलचंही तेच आहे, पण तो विषय पुन्हा कधी.

केसीला होता तसा पाठीच्या कण्याचा दोष गर्भातच, २६ आठवड्यांच्या आत दुरुस्त केला तर नळीची गरज पहिल्या वर्षी ८२ टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर येते, असं २०११ मध्ये अमेरिकेत दिसलं. आईला त्यात धोका असतो, आणि मूल वेळेआधी जन्मण्याचाही. त्याहून सोपं आहे हा दोष होऊच नये म्हणून घ्यायचं फॉलिक अॅसिड, रोज ४०० मायक्रोग्रॅम. पण दिवस राहण्याच्या आधीपासून, कारण कणा पहिल्या चार आठवड्यांतच मिटतो, तोवर बाईला पाळी चुकल्याचं जेमतेम कळलेलं असतं. आधीच्या बाळाला हा दोष असेल तर डोस बराच मोठा लागतो, तो डॉक्टरांना विचारून.

आणि ज्यांच्या घरी नळी बसवलेलं मूल आहे त्यांच्यासाठी. उलट्या, डोकं दुखणं, सुस्ती, मूल पेंगुळलेलं. हे पित्त म्हणून घरी काढू नका. त्याच दिवशी हॉस्पिटल, रात्र असली तरी. पुन्हा सांगते, त्याच दिवशी. ऑपरेशनची तारीख, नळीचं नाव आणि तिचा दाब एका चिठ्ठीवर लिहून ती मुलाच्या दप्तरात ठेवा, एक शाळेत द्या, एक आजोळी. काही व्हॉल्व्हचा दाब चुंबकाने बदलता येतो. तसा असेल तर एमआरआयच्या आधी तिथल्या माणसाला सांगायचं आणि नंतर दाब तपासून घ्यायचा. सुट्टीत गावाला जाताना जवळचं कुठलं हॉस्पिटल मेंदूचं ऑपरेशन करतं, तेही चिठ्ठीमागे लिहा.

पुढच्या भाषणात मुलांच्या फिट्सबद्दल बोलू. नमस्कार.