‘हो’ला लॅटिनमध्ये शब्दच नव्हता

बघा, एवढ्या मोठ्या साम्राज्याची भाषा, तिच्यात कायदे झाले, महाकाव्यं झाली, पण साधं ‘हो’ म्हणायला लॅटिनमध्ये एक असा ठरलेला शब्द नव्हता. रोमन माणसाला ‘आलास का’ विचारलं तर तो ‘आलो’ म्हणणार, नाहीतर ‘सिक’, म्हणजे ‘असंच’. यात आपल्याला नवल वाटायचं कारण नाही, आपणही ‘जेवलास का’ला ‘जेवलो’च म्हणतो की. आयरिश भाषेत तर आजही हो-नाहीला वेगळे शब्द नाहीत, क्रियापदच परत म्हणायचं.

पुढे लॅटिनच्या लेकी वेगळ्या संसाराला लागल्या आणि प्रत्येकीने आपापला ‘हो’ उभा केला. इटालियन, स्पॅनिशवाल्यांनी ‘सिक’चं ‘सी’ केलं. दक्षिण फ्रान्सने ‘होक’ म्हणजे ‘हे’ उचललं, त्याचं झालं ‘ओक’. उत्तरेत मात्र त्या ‘हे’ला सर्वनाम जोडायची पद्धत होती, ‘हे मी’, ‘हे तू’, ‘हे तो’, म्हणजे कोणी केलं ते पण सांगून टाकायचं, आणि त्यातलं ‘हे तो’ तेवढं सगळ्यांसाठी चिकटून बसलं, ‘ओईल’, त्याचंच आजचं ‘वी’. म्हणजे फ्रेंच नवरी लग्नात ‘वी’ म्हणते तेव्हा त्यात एक पुरुष लपलेला असतो, आणि तो नवराच असेल असं काही नाही!

इटालियन कवी दान्तेने १३०३ ते १३०५च्या सुमाराला भाषांवर एक ग्रंथ लिहायला घेतला, तो पण लॅटिनमध्ये, आणि त्यात या भाषांची वाटणी चक्क ‘हो’वरून केली: ओकवाले, ओईलवाले, सीवाले. मला ही वाटणी फार आवडते, कारण व्याकरण येत नसलेल्या माणसालाही ती बाजारात उभं राहून करता येते. दक्षिणेतल्या एका मोठ्या प्रदेशाचं नावच पडलं लांगदोक, ‘ओकची भाषा’. त्रुबादूर कवींची प्रेमगीतं याच भाषेतली. पण दान्तेच्याही आधी, १२०९ साली, तिथल्या कॅथार या ख्रिस्ती पंथावर पोपने क्रुसेड म्हणजे धर्मयुद्ध काढलं, वीस वर्षं लढाया चालल्या, मुलूख हळूहळू फ्रान्सच्या राजाकडे गेला, आणि १५३९ मध्ये पहिल्या फ्रान्स्वा राजाचा हुकूम निघाला की कोर्टाची कागदपत्रं फ्रेंचमध्येच. लॅटिनची सद्दी संपली ते ठीक, पण ओकलाही सरकारी दारातून बाहेर काढल्यासारखंच झालं. २०१६ मध्ये फ्रान्सने प्रांतांची नवी मांडणी केली तेव्हा दक्षिणेतल्या तुलूज शहराच्या प्रांताला ‘ऑक्सितानी’ नाव दिलं, त्यातला ‘ऑक’ तोच बरं का.

रोमानियन पण लॅटिनचीच लेक, पण तिने शेजारच्या स्लाव लोकांकडून ‘दा’ उसना घेतला. पोलिशमध्ये ‘ताक’ म्हणजे हो, मूळ अर्थ परत ‘असं’च. (आपल्या ताकाशी संबंध नाही, हे दरवेळी कोणीतरी विचारतंच.) पोलिश लोक गप्पांत नुसतं ‘नो’ म्हणूनही होकार देतात आणि ग्रीकमध्ये ‘ने’ म्हणजे हो, त्यामुळे अथेन्समध्ये टॅक्सीवाला ‘ने, ने’ म्हणाला की आपले लोक बॅग उचलून दुसरी टॅक्सी शोधायला लागतात.