मुद्दाम गंजवलेलं स्टेडियम

नमस्कार श्रोतेहो. भाकऱ्या झाल्यावर तवा धुऊन ओलाच ठेवला, तर सकाळी तांबूस होतो. आज अशाच तांबूस झालेल्या एका इमारतीबद्दल.

अमेरिकेत अटलांटाच्या ऐन मध्यवस्तीत ‘ओम्नी’ नावाचं बंदिस्त स्टेडियम होतं. १९७२ साली सुरू झालं, सुमारे १६ हजार खुर्च्या. बास्केटबॉल, आइस हॉकी, १९९६च्या ऑलिंपिकमधलं व्हॉलीबॉलही तिथलंच. छत उंचसखल, खणाखणांचं. आपल्याकडे लोकांनी त्याला गंजलेलं आप्पेपात्रच म्हटलं असतं!

आणि ते मुद्दाम गंजवलं होतं. मुद्दाम, बरं का. बाहेरून लावलेलं पोलाद होतं कॉर-टेन. त्यात थोडं तांबं, थोडं क्रोमियम. हे पोलाद भिजतं, वाळतं, पुन्हा भिजतं, पुन्हा वाळतं. असं काही वर्षं चाललं की वरचा गंज घट्ट बसतो आणि आतलं पोलाद वाचतं. मग रंगाचा खर्चच नको.

मेख आहे ती वाळण्यात. सोलापुरात एप्रिलमध्ये दोरीवर टाकलेली जाड चादरसुद्धा बघता बघता कडक होते. अटलांटाची हवा दमट. पोलाद भिजलं, पण वाळेना. वाळेना, म्हणून गंज बसेना. खपल्या पडत गेल्या आणि शेवटी पत्र्याला भोकं पडली. केवढी? माणूस रांगत आत जाईल एवढी! तिकीट न काढता लोक त्या भोकांतून शिरून सामना बघायला लागले. मालकांनी काय करावं? चोर येऊ नयेत म्हणून भिंतीला जाळीचं कुंपण घातलं. भिंत असताना भिंतीला कुंपण!

आता गंजाचा विषय निघालाच आहे, तर सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेआधी घाईघाईनं गंजावरच ऑइलपेंट फासणाऱ्यांना सांगतो, ते पैसे पाण्यात. आधी तारेच्या ब्रशनं आणि पॉलिश पेपरनं गंज खरवडा, रॉकेलच्या फडक्यानं पुसा, वाळू द्या. मग रेड ऑक्साइडचा, म्हणजे अस्तराचा, एक हात, तो वाळला की रंगाचे दोन. आणि गेटच्या चौकोनी पाइपला खालून भोक ठेवा. पाणी आत साचलं की पाइप आतून सडतो, वरून कळतही नाही.

तर ओम्नी. २६ जुलै १९९७ला सुरुंग लावून पाडलं. सोलापूरच्या सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी २०२३ला पाडताना ज्यांनी बघितली, त्यांना तो धुरळा वेगळा सांगायला नको. त्याच जागेवर १९९९ला नवं स्टेडियम उघडलं. ओम्नी पुरतं २५ वर्षंही टिकलं नाही.