व्हेंटचं आयुष्य कपाटातच सुरू होतं

नमस्कार मंडळी. स्टोअर सांभाळणारे आणि असेंब्ली लाइनवर काम करणारे असे दोन्हीकडचे लोक आज एकत्र बसले आहेत, याचा मला मनापासून आनंद आहे. आज बोलायचं आहे ते व्हेंटबद्दल, म्हणजे उपकरणाच्या बंद पेटीवर चिकटवायच्या, हवा जाऊ देणाऱ्या पण पाणी अडवणाऱ्या छोट्या भागाबद्दल. तो बहुतेक वेळा या दोन खात्यांच्या मध्येच खराब होतो. पेटीत पाणी शिरलं की डिझाइन तपासलं जातं, गॅस्केट तपासलं जातं, स्क्रूचा टॉर्क तपासला जातो. त्या पेटीवर लावलेला व्हेंट लावण्याआधी कुठे आणि कसा पडून होता, हे सहसा कोणी विचारत नाही. तो प्रश्न सगळ्यात आधी विचारला जावा, एवढ्यासाठी मी आज उभा आहे.

व्हेंट लागतोच कशाला, तिथून सुरुवात करू. उन्हात तापलेली बंद पेटी डोळ्यांसमोर आणा. आतली हवा ६० अंश सेल्सिअसला आहे आणि आतबाहेरचा दाब सारखा आहे. तेवढ्यात पावसाची सर येते आणि पेटी २० अंशांपर्यंत थंड होते. केल्विनमध्ये मोजलं तर ३३३ वरून २९३, म्हणजे आतला दाब जवळपास १२ टक्क्यांनी उतरला. पेटी पूर्ण बंद असेल तर ही ओढ सव्वा मीटर पाण्याच्या दाबाइतकी होते. आयपी६७ या धूळ-पाणी रोखण्याच्या दर्जाच्या चाचणीत पेटी एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडवतात. म्हणजे एका सरीने पेटी स्वतःच चाचणीपेक्षा जास्त जोराने पाणी आत ओढू लागते, आणि हे रोज घडतं. गॅस्केट कुठेतरी हार मानतंच. व्हेंट हवेला वाट देतो, पाण्याला देत नाही, त्यामुळे ही ओढ तयारच होत नाही.

त्यातला पडदा ताणलेल्या पीटीएफईचा, म्हणजे टेफ्लॉन नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्लॅस्टिकचा असतो. पीटीएफई १९३८ साली रॉय प्लंकेट यांना प्रयोगशाळेत अनपेक्षितपणे सापडलं. ते तापवून झटक्यात ताणलं तर त्यात अतिसूक्ष्म छिद्रांचं जाळं तयार होतं, हे १९६९ मध्ये रॉबर्ट गोर यांच्या लक्षात आलं. छिद्रं इतकी बारीक आणि पदार्थ पाण्याला इतका नावडता, की पाण्याचा थेंब पृष्ठताणामुळे बाहेरच राहतो आणि हवा, वाफ ये-जा करतात. सगळी भिस्त पृष्ठताणावर आहे, एवढं ध्यानात ठेवा. साबणाचा अंश, हाताचं तेल, कटिंग ऑइलचा शिंतोडा पडद्यावर बसला की त्या जागी पाण्याला आत यायला सोपं जातं. अल्कोहोल उडून जातं, साबण आणि तेल मागे राहतात. पडद्याला बोट लावायचं नाही, हा नियम इथून आला आहे. शिवाय पीटीएफईवर स्थिर वीज चटकन साठते आणि उघडा पडदा हवेतली धूळ स्वतःकडे ओढून घेतो.

पडद्याबद्दल एवढं पुरे. तो तसा चिवट आहे. साठवणीत खरा धोका त्याच्याभोवतीच्या चिकट कड्याला असतो, आणि मला जास्त बोलायचं आहे ते त्याच्याबद्दलच.

हा चिकट थर बहुधा अॅक्रिलिकचा असतो, कधी सिलिकोनचा. दाब दिला की चिकटणारा. आपण त्याला घन समजतो, पण तो अतिशय घट्ट द्रवासारखा वागतो. तो वाहतो, फक्त फार सावकाश. पेटीवर दाबल्यावर तो पृष्ठभागाच्या बारीक खाचाखोचांत शिरतो आणि पकड घेतो, ती याच वाहण्यामुळे. जो गुण लावताना हवा, तोच कपाटात नको असतो, आणि थराला दोन्हीतला फरक कळत नाही. व्हेंट सोलून काढायच्या कागदी किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीवर, म्हणजे लायनरवर, चिकटवलेले असतात आणि ती पट्टी रोलमध्ये गुंडाळलेली असते. रोलवर वजन पडलं की थर तिथेच वाहायला लागतो. उष्णता वाढली की आणखी भराभर. बाहेरच्या बाजूला ओघळला तर शेजारच्या वेढ्याला चिकटतो आणि रोल उलगडताना तुकडे अर्धवट उचलले जातात. आतल्या बाजूला ओघळला तर पडद्याच्या मोकळ्या भागावर पसरतो आणि तेवढी छिद्रं कायमची बुजतात. व्हेंट दिसायला ठीक, पेटीला घट्ट चिकटलेला, आणि हवा मात्र निम्मीच जाते. असा माल नजरेने पकडता येत नाही, म्हणून मला त्याची सगळ्यात जास्त धास्ती वाटते.

म्हणून रोल सपाट बाजूवर आडवा ठेवा, किंवा मधल्या पोकळ नळीत दांडा घालून टांगा. गोल कडेवर उभा ठेवला की स्वतःच्या वजनानेच एका जागी चपटा होतो. एकावर एक रचायचेच असतील तर मध्ये पुठ्ठा हवा, आणि थप्पी छोटी हवी. त्या खोक्यावर नट-बोल्टचा क्रेट ठेवणं म्हणजे माल ठरवून बाद करणं आहे.

तापमान. अशा चिकट मालासाठी साधारण २१ अंश सेल्सिअस आणि ५० टक्के सापेक्ष आर्द्रता हे प्रमाण मानतात. तुमच्या मालावरचा नेमका आकडा उत्पादकाच्या डेटाशीटवर असतो आणि शेवटचा शब्द त्याचाच. पण स्टोअरच्या दाराजवळच्या थर्मामीटरवर विसंबू नका. त्याच खोलीत पत्र्याच्या छपराखालचा वरचा खण, उन्हाची तिरीप येणारी खिडकी, कॉम्प्रेसर किंवा ओव्हनला लागून असलेली भिंत, इथलं तापमान वेगळं असतं. माल जिथे ठेवता तिथे मोजा, आणि दुपारी मोजा.

थंडीही निरुपद्रवी नाही. गार जागेतून माल आणून लगेच पिशवी फाडली तर खोलीतला ओलावा गार पृष्ठभागावर दव होऊन बसतो. लायनर सोलल्यावर ते दव चिकट थर आणि पेटी यांच्या मध्ये येतं. पिशवी बंद ठेवूनच माल लाइनच्या तापमानाला येऊ द्या. आदल्या दिवशी आणून ठेवला तर हा प्रश्नच उरत नाही. पेटीलाही हेच लागू आहे. थंडगार हाउसिंगवर, म्हणजे पेटीच्या कवचावर, अॅक्रिलिक पुरेसं पसरत नाही, १० अंशांच्या खाली तर बहुतेक प्रकार लावूच नयेत.

आता ओलावा. लायनर कागदी असेल तर तो दमट हवेत फुगतो, कोरड्या हवेत आकसतो. चिकट थर त्याच्याबरोबर तितका हलत नाही. मग लायनरला लाटा येतात, तुकड्यांच्या कडा सुटतात आणि सुटलेल्या कडेवर धूळ बसते. मशीनने उचलून लावायचा माल असेल तर वाकलेला लायनर लाइन थांबवतो. प्लॅस्टिक फिल्मच्या लायनरला हा त्रास कमी. माल मूळ बंद पिशवीत असेल तर दोन्ही लायनरना तो जवळजवळ नाहीच.

मूळ पिशवीबद्दल मी थोडा हट्टी आहे. नीटनेटकेपणासाठी माल दुसऱ्या पारदर्शक पाउचमध्ये भरला जातो आणि ते पाउच मऊ पीव्हीसीचं असतं. मऊ पीव्हीसीतलं प्लॅस्टिसायझर, म्हणजे त्याला मऊ ठेवणारं द्रव्य, चिकट थरात उतरतं आणि थर लिबलिबीत होतो. पकड जाते आणि कारण कोणाला सापडत नाही. पिशवी बदलावीच लागली तर साध्या पॉलिथिनची घ्या. त्याच कपाटात थिनर, रंग, साफसफाईची रसायनं नकोत. सिलिकोन स्प्रेचा डबा तर त्या खोलीतच नको. लायनर सहज सुटावा म्हणून त्यावर सिलिकोनचाच लेप असतो. तोच सिलिकोन हवेतून चिकट थरावर किंवा हाउसिंगवर बसला, तर व्हेंटही तितक्याच सहज सुटेल.

तारखेबद्दल. साठवणीची मुदत साधारण १२ ते २४ महिन्यांची असते आणि ती सहसा उत्पादनाच्या तारखेपासून मोजतात, तुमच्या गेटमधून गाडी आत आली त्या दिवसापासून नाही. माल वाटेत आणि वितरकाकडे जितके महिने राहिला, तेवढी मुदत आधीच खर्च झालेली असते. आवक नोंदवताना दोन्ही तारखा लिहा. आधी आलेला आधी वापरा हा नियम इथे पुरत नाही, आधी बनलेला आधी वापरा. दुसरं, मोठा रोल कापून तीन लाइनना वाटला की बॅच क्रमांकाचं लेबल एकाच तुकड्यावर राहतं आणि उरलेले दोन बेनामी होतात. उद्या एका बॅचमध्ये दोष निघाला तर कोणत्या पेट्या परत मागवायच्या, हे सांगता येणार नाही. कापण्याआधी लेबलाच्या प्रती काढा.

ही मुदत लायनरवर असलेल्या मालाची आहे. मुदतीत लावलेला व्हेंट पुढे कित्येक वर्षं काम करतो. पेटीवर लागल्यावरचं आयुष्य हा वेगळा हिशोब आहे.

मघाशी एका ताईंनी विचारलं की मुदत संपलेला माल लगेच फेकायचा का. उत्पादकाने मुदतवाढीची रीत दिली असेल तर ती पाळा. ती नसेल तर सुरक्षिततेशी संबंधित पेटीवर तो माल अजिबात लावू नका. इतर ठिकाणी वापरायचा विचार असेल तर आधी नमुना काढा. लायनर एकसारखा सुटतो का पाहा, कारण जुन्या मालात तो हट्टाने धरून बसतो. कड्यातून थर आत ओघळला आहे का, हे भिंगाखाली बघा. हवेचा प्रवाह मोजा. मग खऱ्या हाउसिंगवर, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून आणि पूर्ण वाळू देऊन, व्हेंट फक्त कड्यावर दाबून लावा. लगेच ओढून पाहू नका. अॅक्रिलिकची पकड तासागणिक वाढत जाते आणि पूर्ण पकडीला सुमारे ७२ तास लागतात. त्यानंतर सोलून पाहा आणि एक पेटी पाण्यात बुडवून पाहा. यातलं एक जरी नापास झालं तरी ती बॅच बाद.

आणि शिफ्ट संपताना उरलेला अर्धा रोल लाइनवर उघडा ठेवू नका. तो पिशवीत परत घाला, तोंड बंद करा, पिशवी उघडल्याची तारीख बाहेर लिहा, आणि दुसऱ्या दिवशी नवा रोल मागायच्या आधी तोच संपवा.