मयताचं सामान

श्रोतेहो, नमस्कार. आमचं दुकान कोल्हापुरात, पंचगंगेकडं जाणाऱ्या रस्त्याला. सासऱ्यांनी घातलेलं, आता मी आणि आमचे मालक चालवतो. दुकान खाली, आम्ही वर. त्यामुळं रात्री दोनला शटर वाजलं तर कशासाठी आलात, हे विचारावं लागत नाही.

येणारा बहुतेक वेळा घरातला नसतोच. शेजारी, जावई, नाहीतर तालमीतलं पोरगं. "सगळं घेऊन ये," म्हणून त्याला पिटाळलेलं असतं, आणि सगळं म्हणजे काय, ते त्याला ठाऊक नसतं. मग मी विचारते, पुरुष की बाई? सवाष्ण का? दहन का दफन? सवाष्ण असली तर हिरवी साडी, बांगड्या, ओटी. लिंगायत घर असलं तर बेल आणि विभूती. त्यांच्यात माणसाला बसवून नेतात, तिथं आडवी तिरडी काय कामाची? बाकी मग कळक म्हणजे बांबू, त्याच्या चिरलेल्या कामट्या, सुतळी, पांढरं कापड, मडकं, गुलाल, कापूर.

तिरडी बांधायचं काम मालकांचं. खांदेकरी बदलताना सगळं ओझं एका कोपऱ्यावर येतं आणि नेमकी तिथलीच गाठ सुटते. म्हणून ते प्रत्येक कामटी दोन्ही टोकांना आवळतात आणि मग वर गुडघा टेकून दाबून बघतात. कितीही घाई असू दे, हे चुकत नाही. बाहेर लोक ताटकळत असतात, कुणीतरी "आवरा की" म्हणतं. हे मान वर करत नाहीत.

हिशेब माझ्याकडं. मयताच्या घरचा माणूस भाव करत नाही, "लागंल ते घाला" म्हणतो. मी मोजकंच घालते. सरणासाठी तर आमच्याकडं येऊच नका. कोल्हापूर महापालिका दहन मोफत करते. त्यासाठी होळीला लोक होळी लहान करून स्मशानभूमीला शेणी, म्हणजे गोवऱ्या, देतात. माझी तक्रार आहे ती हारांची. येईल तो पाहुणा हार घालतो आणि चितेवर ठेवण्याआधी तो ढीग उपसून बाजूला टाकावा लागतो. हार मीच विकते, तरी सांगते, पै-पाहुण्यांनी मिळून एकच घ्या, उरलेल्या पैशाच्या शेणी द्या. यावर मालक म्हणतात, "तू दुकान बंद पाडणार."

२०१९ च्या ऑगस्टमधल्या पुरात मात्र खरंच बंद पडायची वेळ आली होती. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. पाणी त्याच्या कितीतरी वर गेलं, स्मशानभूमी बुडाली. आम्ही कळकांसकट सामान माडीवर चढवलं. माणसं मरायची थोडीच थांबतात? मयत बावडा, कदमवाडीच्या स्मशानभूमीकडं न्यावं लागायचं.

जाता जाता कागदांचं सांगते, कारण ते रडारडीत राहून जातं. माणूस घरी गेला असेल तर आधी डॉक्टरांचा दाखला घ्या. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करा. वर्ष उलटलं की प्रांताधिकाऱ्यांच्या आदेशासाठी हेलपाटे सुरू होतात. आणि नाव आधार कार्ड बघून सांगा. घाईत लोक घरातलं नाव सांगतात, आक्काताई नाहीतर तात्यासाहेब. पुढं सातबाऱ्यावर वारस लावायला गेलं, की तलाठी विचारतो, हे तात्यासाहेब कोण?