ठिपक्यांची दिवाळी

(छापखाना. यंत्रातून सुटणारे कागद. यंत्राचा आवाज तसाच ठेवावा.)

पुण्याच्या शनिवार पेठेतला हा छापखाना. छापून निघतोय तो उटण्याच्या डब्याचा कागद. यंत्र एकाच रंगाचं, म्हणून कागद चारदा आत जातो: सायन म्हणजे निळसर, मॅजेंटा म्हणजे गडद गुलाबी, पिवळा आणि काळा.

(भिंगाखाली ठिपके.)

प्रत्येक रंगाचे ठिपके वेगळ्या कोनात. काळे ४५ अंशांत, मॅजेंटा ७५, सायन १५, पिवळे सरळ. कोन चुकला की कागदावर भलतीच नक्षी उमटते.

या डब्याची पॉप आर्ट शैलीतली, म्हणजे कॉमिक्स आणि जाहिरातींसारख्या रोजच्या छापील चित्रांच्या धर्तीची, ऍनिमेशन जाहिरात करणारी मंडळी आधी इथं आली, मग संगणकापाशी बसली. बरं झालं. कारण पॉप आर्टचं मूळ छपाईतच आहे. १८७९ साली अमेरिकेत बेंजामिन डे यांनी स्वस्तात छटा छापायला ठिपक्यांची पद्धत काढली. पुढे कॉमिक्सनी ती उचलली. १९६१ मध्ये अमेरिकन चित्रकार रॉय लिख्टेनस्टाइन तसेच ठिपके कॅनव्हासवर रंगवू लागला. पॉप आर्टमधला दुसरा चित्रकार अँडी वॉरहॉल तर जाहिरातींतूनच आलेला. न्यूयॉर्कमध्ये बुटांच्या जाहिरातींची चित्रं काढायचा. १९६२ साली त्यानं सूपच्या डब्यांची ३२ चित्रं प्रदर्शनात मांडली. उपयोजित कलेला दुय्यम समजणाऱ्यांनी हे जरूर आठवावं.

(चाळणी, पिवळसर पूड, हात.)

नागरमोथा, वाळा, कचोरा, आंबेहळद, संत्र्याची साल. मर्यादित आवृत्ती, फक्त दिवाळीपुरती. तसं उटणं एरवी मागतंय कोण? उटणं बनवणाऱ्या मालकांना कॅमेऱ्यासमोर यायचं नव्हतं. हात मात्र त्यांचेच.

(स्टुडिओ. रेखाटणारं पेन, जवळून.)

जाहिरात २० सेकंदांची. सेकंदाला २४ चौकटी, एक चित्र दोन चौकटी धरायचं, म्हणजे एकूण २४० चित्रं. गोष्ट एवढीच: आजी नातवाला उटणं लावतेय, नातू पळतोय, वर कॉमिक्ससारख्या शब्दांच्या फुग्यात ‘खसाखस!’

पहिला पेच आजीच्या चेहऱ्याचा. अमेरिकन कॉमिक्समध्ये गोरी कातडी म्हणजे पांढऱ्यावर तांबडे ठिपके. तेच उचललं असतं तर आजी परदेशी दिसली असती. म्हणून पार्श्वभूमीच हळदीच्या रंगाची घेतली आणि वर विटकरी ठिपके दिले.

दुसरा पेच हालचालीचा. ठिपके पडद्यावर स्थिर ठेवले, तर आजी जाळीच्या दारामागून चालल्यासारखी वाटते. आजीला चिकटवले, तर मान वळताना ते ताणले जातात. मग ठरलं, दर चित्राला ठिपके नव्यानं मांडायचे. ते किंचित थरथरतात, बघा. शिवाय मोबाइलच्या छोट्या पडद्यावर बारीक ठिपके लुकलुकतात, म्हणून मुद्दाम मोठे.

(संगणकाचा पडदा. काळी रेषा, बाहेर सरकलेला गुलाबी.)

रंग रेषेबाहेर गेलाय. छापखान्यात म्हणतात ‘रजिस्टर हललं’, आणि कागद रद्दीत जातो. इथं त्याच रद्दीतले कागद मागून आणले, स्कॅन केले आणि समोर ठेवून प्रत्येक चित्रात रंग हातानं सरकवला. एका बटणात होणारं काम आहे हे. पण बटण सगळीकडे सारखंच सरकवतं, आणि खरा छापील कागद तसा नसतो. कोपऱ्यात जास्त हलतो, मधे कमी.

(आजी, नातू, फुगा. इथं निवेदन थांबवून चित्र चालू द्यावं.)

‘आधी’ सावळा आणि ‘नंतर’ उजळ अशी चेहऱ्यांची जोडचौकट सुरुवातीच्या आराखड्यात होती, ती काढली. सावळ्या रंगाला कमी लेखणाऱ्या जाहिरातींविरुद्ध जाहिरात मानक परिषदेची नियमावली २०१४ पासून आहे.

(तुळशीबाग. दुकानातला पडदा, गर्दी.)

जाहिरात वसुबारसेला लागली. शेवटचा डबा नरक चतुर्दशीच्या आदल्या रात्री गेला. पुढच्या दिवाळीला मालकांना पुन्हा असंच काहीतरी हवंय, फक्त ३० सेकंदांचं. म्हणजे ३६० चित्रं.