उसाचे बिल आणि कार्डाची तारीख

(दृश्य: बेळगाव, उद्यमबाग. सकाळचे साडेआठ. लेथ सुरू होण्याचा आवाज.)

या शेडमध्ये तीन लेथ, एक ड्रिलिंग मशीन आणि पाच कामगार आहेत. जवळच्या फाउंड्रीतून ओतीव भाग येतात, इथे त्यांचे मशीनिंग होते आणि माल परत गेल्यावर बिलाचे पैसे हाती पडायला कधी साठ, तर कधी नव्वद दिवस लागतात. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते करावेत, असे २००६ चा कायदा सांगतो आणि उशीर झाल्यास व्याज मागण्याचा हक्कही देतो. परंतु ज्याच्याकडून उद्या पुन्हा जॉब आणायचा, त्याच्याविरुद्ध आज अर्ज कोण करणार?

शेडच्या मालकांनी नाव आणि चेहरा न दाखवण्याच्या अटीवर आमच्याशी बोलणे मान्य केले. खानापूर तालुक्यात त्यांचा घरचा दोन एकर ऊस आहे. कारखान्याने ऊस पोहोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावेत, असा १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाचा दंडक आहे. तो पाळला गेला तरीही हे पैसे वर्षातून एकदाच, गाळप हंगामात येतात. म्हणजे या घरात पैसा येतो तो हंगामाने आणि गिऱ्हाइकाच्या सवडीने. कार्डाचे बिल मात्र दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला येते. पगारदाराच्या मापाने शिवलेला हा सदरा त्यांनी चार वर्षांपूर्वी अंगात घातला आणि तेव्हापासून तो कुठे ना कुठे उसवतोच आहे.

(दृश्य: टेबलावर पासबुक, कार्डाची बिले, एक जाड वही.)

त्यांच्या वहीतला हिशेब साधा आहे. बँकेत दोन लाख रुपयांची ओव्हरड्राफ्ट मर्यादा, म्हणजे खात्यात शिल्लक नसतानाही जेवढे उचलता येते ती हद्द, जिला इकडे सगळे ‘ओडी’ म्हणतात, ती पूर्ण उचललेली आहे आणि एका क्रेडिट कार्डावर पन्नास हजार थकलेले आहेत. ओडीचा दर वर्षाला १२ टक्के धरला, तर दोन लाखांवर महिन्याला सुमारे दोन हजार रुपये व्याज होते. कार्डाचा दर महिन्याला साडेतीन टक्के धरला, तर पन्नास हजारांवर १,७५० रुपये व्याज आणि त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३१५ रुपये, असे मिळून २,०६५ रुपये होतात. कर्ज चौथा हिस्सा, पण महिन्याचा बोजा दोन्हींचा जवळपास सारखाच! ओडीच्या व्याजावर जीएसटी लागत नाही, कार्डाच्या व्याजावर लागतो, हे बिलात बारीक अक्षरात छापलेले असते आणि बिल असते इंग्रजीत. कार्डाच्या अटी इंग्रजी, हिंदी आणि स्थानिक भाषेत असणे इष्ट, असे रिझर्व्ह बँक म्हणते. आमच्या भागात ‘स्थानिक भाषा’ कोणती, हा प्रश्न काही बँकेने सुरू केलेला नाही, त्यामुळे तो इथेच सोडू.

आता ‘मिनिमम’चा सापळा पाहू. किमान रक्कम साधारण थकबाकीच्या पाच टक्के धरली, तर ५२,०६५ रुपयांवर ती २,६०३ रुपये होते. ती इमानाने भरली, तरी व्याज आणि कर वजा जाता मूळ कर्जातून कमी होतात अवघे ५३८ रुपये. शिवाय मागचे बिल पूर्ण भरलेले नसले, की नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदत संपते आणि किराणा, औषधे, डिझेल, जे काही कार्डावर घेतले जाईल, त्यावर खरेदीच्या दिवसापासून व्याज धावू लागते. कार्डाने एटीएममधून रोख काढली, तर शुल्क वेगळे आणि व्याज त्याच दिवसापासून. वर्षाला ३० टक्क्यांहून अधिक व्याज घेणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, असे राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये म्हटले होते. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये तो आदेश रद्द केला. दराला वरून झाकण बसेल, या आशेवर थांबण्यात आता अर्थ नाही.

तरीही, गेली दोन वर्षे फाउंड्रीकडून आलेला प्रत्येक रुपया मालकांनी ओडीत भरला आणि कार्डाला मिनिममवर ठेवले. असे का केले, हे आम्ही विचारले तेव्हा ते म्हणाले, “मॅनेजर समोर भेटतोय हो, त्याला काय सांगू? कार्डवाला कोण हाय तेच ठावं नाही.” ज्या सावकाराला तोंड दाखवावे लागते त्याचे आधी आणि ज्याला तोंडच नाही त्याचे मागून, ही आपल्याकडची जुनी रीत आहे, हातउसने आणि सोसायटीच्या कर्जात ती अब्रू राखते, पण इथे तिने नेमके उलटे काम केले.

अर्थात, ओडीकडे पाठ फिरवूनही चालत नाही. खात्यातील बाकी सलग ९० दिवस मर्यादेच्या वर राहिली, किंवा ९० दिवसांत झालेला भरणा त्या काळात लागलेल्या व्याजाइतकाही नसला, तर खाते अनुत्पादक, म्हणजे थकीत (एनपीए) ठरते. मर्यादा काठोकाठ उचललेली असेल, तर नुसते महिनाअखेरचे व्याज नावे पडूनही बाकी मर्यादेच्या वर जाते. म्हणून क्रम असा: विक्रीची रक्कम ओडी खात्यातूनच फिरवायची, तिथले व्याज दर महिन्याला न चुकता भागेल एवढे भरायचे, आणि त्यावर जे उरेल ते सारे कार्डाकडे वळवायचे. कार्ड स्वतः मात्र कपाटात ठेवायचे. ते वापरात राहिले, तर खालून फुटलेल्या घागरीत पाणी ओतल्यासारखे होते.

(दृश्य: सायबर कॅफे. संगणकाच्या पडद्यावर पतअहवाल. नाव आणि क्रमांक झाकलेले.)

कर्जफेडीच्या सवयीवरून मिळणाऱ्या गुणांना या भागात पतगुणांक असे कोणी म्हणत नाही. ‘त्याचं सिबिल गेलंय’ असे म्हणतात, जणू घरातले माणूस गेले. सिबिल ही भारतातल्या चार पतमाहिती कंपन्यांपैकी एक. एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या इतर तीन. चौघींकडून वर्षाला एकेक पूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो, म्हणजे दर तीन महिन्यांनी एक मागवला, तर वर्षभर पैसा न देता नजर ठेवता येते. गुणांक ३०० ते ९०० यांच्या दरम्यान असतो, पण आकड्यापेक्षा खालचे रकाने वाचावेत: कोणत्या महिन्यात किती दिवस उशीर झाला, कोणते खाते ‘सेटल्ड’, म्हणजे तडजोडीने कमी रकमेत मिटवलेले, दाखवले आहे, आणि आपण कधी न घेतलेले कर्ज आपल्या नावावर आहे का. चूक आढळली, तर तक्रार नोंदवावी. ३० दिवसांत तिचे निवारण झाले नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई देण्याचा रिझर्व्ह बँकेचा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे.

एक गैरसमज खास सीमाभागातला. गडहिंग्लजला किंवा कोल्हापूरला घेतलेले कर्ज बेळगावच्या बँकेला दिसत नाही, असे अनेकांना वाटते. राज्याची हद्द सीमेवरच्या शिनोळी गावाजवळ बदलत असली, तरी पॅन क्रमांक तोच राहतो. याउलट, सगळ्याच लहान सोसायट्या आपल्या सभासदांची माहिती या कंपन्यांना कळवत नाहीत. त्यामुळे तिथे वर्षानुवर्षे वेळेवर हप्ते भरल्याचे पुण्य अहवालात उमटेलच, याची खात्री नसते.

(दृश्य: घराच्या ओसरीवर मालकांची पत्नी. चेहरा सावलीत.)

गुणांक पडल्यावर बँकेचे नवे कर्ज मिळत नाही, आणि मग घर सोन्याकडे पाहू लागते. सोने तारण कर्जात गुणांकाला फारसे महत्त्व नसते आणि बँकेचा दर कार्डाच्या दरापेक्षा बराच कमी असतो, म्हणून गणिताने पाहिले, तर पाटल्या ठेवून कार्ड फेडणे शहाणपणाचे ठरू शकते. परंतु या घरात ते एकदा करून झाले आहे. कार्ड कोरे झाले, आठ महिन्यांत पुन्हा भरले, आणि आता पाटल्याही बँकेत आहेत आणि थकबाकीही उभी आहे. दागिने ज्यांचे, त्यांना त्या वेळी बिल दाखवलेच गेले नव्हते.

यंदा त्यांनी बचत गटातल्या मैत्रिणींसोबत मायक्रोफायनान्सचे कर्ज काढावे, असे सुचवले गेले आणि त्यांनी ते नाकारले. आमच्या मते हा या वर्षातला घरचा सर्वांत चांगला आर्थिक निर्णय होता. गटाच्या कर्जात आपला हप्ता चुकला, की ओझे शेजारणींच्या दारात जाते. नोंदणी नसलेल्या सावकारांच्या आणि संस्थांच्या जाचाविरुद्ध कर्नाटक सरकारने फेब्रुवारी २०२५ मध्ये अध्यादेश काढला आणि त्याच वर्षी त्याचा कायदा झाला, त्यात दहा वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. मात्र रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या बँका आणि वित्तसंस्था त्याच्या कक्षेबाहेर आहेत, आणि कार्डाचे कर्ज त्यामुळे माफ होत नाही.

या नोंदलेल्या बँका आणि वित्तसंस्थांसाठी वेगळा नियम आहे. वसुलीसाठी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करता येत नाही, धमकी देता येत नाही, नातेवाइकांसमोर अपमान करता येत नाही. तक्रार आधी बँकेकडे लेखी करावी, आणि ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा ते पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य जाता येते. तिथे कामाला येते ती फोनची तारीख आणि वेळ.

वसुलीवाल्यांनी मालकांना पस्तीस हजारांत ‘सेटलमेंट’ देऊ केली आहे. पंधरा हजार वाचतील, पण खाते अहवालात ‘क्लोज्ड’ न दिसता ‘सेटल्ड’ दिसेल, आणि पुढे लेथसाठी कर्ज मागताना तो शब्द बँकेच्या डोळ्यांत खुपेल. ज्याच्याकडे देण्यासारखे काहीच उरलेले नाही, त्याने ती जरूर घ्यावी आणि पैसे भरण्याआधी लेखी पत्र मागून घ्यावे. मालकांकडे मात्र ऊस उभा आहे. थकबाकी मासिक हप्त्यांत बदलून द्यावी, असा अर्ज त्यांनी केला आहे. कारखान्याचे पैसे आले, की त्यातून कार्ड एकरकमी मिटवायचे आणि मग पंधरा हजारांची मुदत ठेव ठेवून तिच्या तारणावर लहान मर्यादेचे कार्ड घ्यायचे, असे त्यांनी वहीत लिहिले आहे. जानेवारी २०२५ पासून बँकांना पतमाहिती किमान दर पंधरवड्याला कळवावी लागते, त्यामुळे ‘क्लोज्ड’ हा शब्द लवकर दिसेल; जुन्या उशिरांच्या नोंदी मात्र तशाच राहतील.

(दृश्य: संध्याकाळ. शेडचे शटर खाली येते.)

टेबलावरचा फोन वाजतो. मालक तो उचलत नाहीत. भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहतात, वही ओढतात आणि लिहितात: सात वाजून बारा मिनिटे.